सासूबाईंची कबुतरं

मैत्रिणीने वर्तमानपत्रात गुंडाळलेला काड्यांचा एक झुबका हातात दिला आणि म्हणाली, "ऑर्किड आहे. सांभाळ." मी नाव विचारलं. "फूल आलं की कळेल," असं म्हणून ती निघून गेली. पुढची अडीच वर्षं हेच वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं की स्वप्नातसुद्धा कुणीतरी येऊन तेच सांगून जायचं.

घरी येऊन पुडकं सोडलं. बोटाएवढ्या, बुडाशी फुगलेल्या, पन्हळी पडलेल्या सात-आठ काड्या. मधल्या भागाला चामड्यासारखी जाड पानं आणि वरचं टोक बारीक, बोडकं, वाळून गेल्यासारखं. सासूबाईंनी लांबूनच निकाल दिला, "बांडगूळ आहे."

"नाही हो आई. बांडगूळ झाडाचा रस शोषतं. हे झाडावर नुसतं बसतं, आपलं अन्न आपण करतं."

"म्हणजे भाडेकरू."

"तसंच म्हणा."

"भाडं देतो?"

यावर वनस्पतिशास्त्रात उत्तर असेलही, मला सुचलं नाही.

भाडेकरूची सोय मात्र मी मालकाच्या थाटात केली. मोठी कुंडी, काळीभोर माती, शेणखत आणि सकाळ-संध्याकाळ पाणी. महिन्याभरात निम्मी मुळं काळी पडून लिबलिबीत झाली. मग वाचायला बसले. (आधी वाचून मग लावणारी माणसं असतात म्हणे. मी पाहिलेली नाहीत.) कळलं ते असं की या मुळांवर मेलेल्या पेशींचा स्पंजसारखा थर असतो, त्याला वेलामेन म्हणतात. पाऊस आला की तो पाणी टिपून घेतो आणि मग वाऱ्यावर वाळतो. कोरडा असला की रुपेरी दिसतो, भिजला की आतला हिरवा रंग वर येतो. थोडक्यात, ज्या जिवाला फांदीवर बसून वारा खायचा होता, त्याला मी जिवंत पुरलं होतं.

उकरून काढलं, सडकी मुळं छाटली, उरलेला रोगी एका खरबरीत सालीच्या ओंडक्याला सुतळीने बांधला आणि गॅलरीत टांगला. त्यानंतर मी आणखी एक शहाणपणा केला. ती वाळकी टोकं डोळ्यांना खुपत होती. कात्री घेतली आणि सगळ्या काड्यांची शेंडी उडवून त्यांना नीटनेटकं केलं. या कृत्याकडे आपण पुन्हा येऊ.

झाड जगलं. मुळांनी ओंडक्याला मिठी मारली, नवे कोंब आले. आता मला नाव हवं होतं. फोनमधल्या झाडं ओळखणाऱ्या ॲपने पहिल्या फोटोवर 'बांबू' सांगितलं, दुसऱ्यावर 'डेंड्रोबियम'. मी हरखले. मग पुढे वाचलं की या प्रजातीत दीड हजारांवर जाती आहेत आणि ओलोफ स्वार्ट्झ नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७९९ मध्ये ठेवलेल्या या ग्रीक नावाचा अर्थ 'झाडावर जगणारं'. म्हणजे एवढ्या उलाढालीनंतर मला कळलं होतं की झाडावर जगणारं हे झाड झाडावर जगतं.

ओळखीतल्या एका ऑर्किडवाल्या काकांना चौदा फोटो पाठवले. पानाचे, काडीचे, मुळाचे, एक तर माझ्या अंगठ्याचाही. उत्तर आलं, "फूल?"

"अजून नाही आलं."

"आलं की तीन फोटो पाठवा. समोरून, बाजूने आणि ओठाच्या आतून."

ऑर्किडच्या तीन पाकळ्यांतली एक पाकळी वेगळीच घडलेली असते, तिला ओठ म्हणतात. डेंड्रोबियमला तर हनुवटीही असते, फुलाच्या मागे निघालेली. ओठ आणि हनुवटी पाहिल्याशिवाय काका नाव सांगत नाहीत. लग्न जमवणारीही हल्ली इतकं बघत नाहीत.

असं दुसरं वर्षही गेलं. आणि मग एका संध्याकाळी मी बाहेरून आले तर सासूबाई वैतागलेल्या.

"आज कबुतरांनी नुसता उच्छाद मांडला होता. तुझ्या त्या बांडगुळावर येऊन बसली होती, दहा-बारा तरी असतील."

"दहा-बारा? त्या ओंडक्यावर?"

"लहान होती. पांढरी. सकाळपासून हुश्श करतेय, टाळ्या वाजवल्या, फडकं झटकलं, एक हलेल तर शपथ! निर्लज्ज मेली."

"आई, चष्मा लावला होता?"

"कबुतरं हाकलायला चष्मा कशाला लागतो? आणि अगं, वास काय छान येत होता त्यांना!"

मी चप्पल न काढता गॅलरीत धावले. नव्या काड्यांच्या बोडक्या टोकांवर ओल्या टिश्यू पेपरचे बोळे लोंबत होते. ओठ आणि हनुवटी यांत फरक करायची सोय उरली नव्हती. काकांना फोन लावला.

"सकाळी उमलली आणि संध्याकाळी संपली? बोडक्या टोकांवर? ती टोकं लोक वाळकी समजून कापतात. फुलं तिथेच येतात. तुम्ही नाही ना कापत?"

"छे छे." (नव्या काड्यांची राहिली होती, ती माझ्या आळसामुळे.)

"बरं, नऊ दिवसांपूर्वी पाऊस पडला होता?"

मी बोटं मोजली. बरोबर नऊ दिवसांपूर्वी, भर दुपारी आभाळ फाटलं होतं आणि दोरीवरचे सगळे कपडे भिजले होते.

"मग बहुतेक डेंड्रोबियम क्रुमेनाटम," काका म्हणाले. "पिजन ऑर्किड. बाजूने पाहिलं तर उडत्या कबुतरासारखं दिसतं."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जिंकलेली माणसं पाहत नसतात.

या फुलाची रीतच न्यारी. कळ्या अर्ध्यावर वाढून थांबतात आणि वाट बघतात. वळवासारख्या सरीने तापमान अचानक पाच-सहा अंशांनी उतरलं की त्या जाग्या होतात आणि साधारण नवव्या दिवशी पहाटे फुलतात. परिसरातलं हे एकूण एक झाड त्याच दिवशी! सिंगापूरला रस्त्याकडेच्या मोठाल्या झाडांवर हे आपोआप वाढतं, तिथे एका सकाळी सगळ्या फांद्या पांढऱ्या होतात. कारण सरळ आहे: आयुष्य एका दिवसाचं आणि परागासाठी दुसरं झाड हवं, तर सगळ्यांनी मिळून एकच मुहूर्त धरलेला बरा. क्रुमेना म्हणजे लॅटिनमध्ये पैशांची थैली, ती त्या हनुवटीवरून. भाड्याचा प्रश्न सासूबाईंनी उगाच काढला नव्हता.

पण काकांचं 'बहुतेक' मला डाचत राहिलं. म्हणून मी पाऊस स्वतः पाडायचं ठरवलं. बर्फाच्या पाण्याचे फवारे मारले, ओंडक्याभोवती बर्फाच्या पिशव्या बांधल्या. सासूबाई डोकावून म्हणाल्या, "ताप किती आहे त्याला?" नऊ दिवस झाले, दहा झाले, काही नाही. कळ्याच तयार नसतील तर बर्फाने काय होणार!

मग एकदाची खरी सर आली. मी कपडे तसेच दोरीवर सोडले आणि कॅलेंडरवर खूण केली. नवव्या दिवशी पहाटे पाच वाजता गॅलरीत फोन घेऊन उभी राहिले. उजाडत गेलं आणि एकेक कळी सुटली. पांढरीशुभ्र, ओठात पिवळा ठिपका, मागे ती थैली. समोरून, बाजूने, ओठाच्या आतून. हात थरथरत होता, पण तिन्ही फोटो आले.

मागे चाहूल लागली. सासूबाई चक्क चष्मा लावून आल्या होत्या. फुलांच्या अगदी जवळ गेल्या, वास घेतला, मान वाकडी करून बाजूने निरखलं.

"बघ. म्हटलं नव्हतं? कबुतरंच आहेत."

आणि सवयीने त्यांचा हात वर गेला.