पोटात दुखतंय? दप्तर घे!

सोमवारी सकाळी मूल ‘पोटात दुखतंय’ म्हणालं, की अजिबात गडबडून जाऊ नका. डॉक्टरांना दाखवा, सगळं नॉर्मल निघेल, मग तो रिपोर्ट त्याच्याच तोंडासमोर नाचवा. ‘रविवारी बरं नाही दुखत!’ असा टोमणा आठवणीने मारा. रविवारी का दुखत नाही, हे मात्र विचारू नका. एखाद्या वेळी ते खरं सांगून बसेल. सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘भीती वाटते’ म्हणता येत नाही, म्हणून ती पोटातून नाहीतर डोक्यातून दुखत बाहेर येते, असं जाणकार म्हणतात. म्हणू द्या. शाळेची बस त्यांना पकडायची नसते.

झोपेचंही तेच. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप हवी म्हणे. मग क्लास केव्हा लावायचे?

शिक्षक असाल, तर वर्गात सगळ्यात जास्त चुळबुळ करणारा पोरगा हेरा आणि त्याचीच मधली सुट्टी काढून घ्या. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ सालीच सांगून ठेवलंय, की शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी मधली सुट्टी हिरावू नये. पण त्यांना कुठे चाळीस वह्या तपासायच्या असतात! रडला तर ‘मुलींसारखा रडतोस काय?’ म्हणा. मुलगे आणि मुली, दोघांचंही शिक्षण एका वाक्यात उरकतं.

वर्षातून एकदा ‘मन मोकळं करा’ या विषयावर चित्रकला स्पर्धा घ्या. बोलायचं नाही, रेषेबाहेर रंगवायचं नाही, वेळ अर्धा तास. सगळ्यात मोकळ्या मनाला पहिलं बक्षीस.

शांत मुलांची तर काळजीच करू नका, त्यांचा काही त्रासच नसतो. म्हणजे तुम्हाला. एखादी मुलगी रोज मधल्या सुट्टीत दाराशी येऊन विचारते, ‘बाई, फळा पुसू?’ बाहेर लंगडी रंगलेली असते. तिला कुणी घेतलं नाही का, असले प्रश्न डोक्यात आणू नका. प्रगतिपुस्तकात ‘मदतीस सदैव तत्पर’ असा शेरा मारा. फळा केव्हाच स्वच्छ झालेला असतो, आणि ती घंटा होईपर्यंत तोच कोपरा पुसत राहते. डस्टर नवीन आणून द्या.