सिंक लावलं, मग बॅकअप कशाला?

दिवाळी अंकांचा हंगाम आला की आमच्या डीटीपीवाल्यांच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणाऱ्यांच्या, ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘सिंकचं कुठलंही फुकट सॉफ्टवेअर टाका, सगळी सारखीच. फाइल दुकानातही राहते, घरीही. हार्ड डिस्कवर बॅकअप घेत बसू नका.’ नवी मुलं यावर विसंबतात, म्हणून लिहितोय.

‘बॅकअप नको’ हे सगळ्यात घातक. सिंकचं काम एकच, इथे झालं ते तिथे करायचं. पुसणंही त्यात आलं. गेल्या गणपतीत घरच्या कॉम्प्युटरवर जागा उरली नाही म्हणून मी ‘जाहिराती’ फोल्डर शिफ्ट दाबून डिलीट केलं. म्हटलं, दुकानात आहेच. घरचं मशीन चालूच ठेवून निघालो. गिरगावात शटर उघडलं, दुकानातला कॉम्प्युटर लावला, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते फोल्डर तिथूनही रिकामं झालं. रिसायकल बिनमध्येही काही नाही. ऐन हंगामात एकेका जाहिरातदाराला फोन करून मजकूर आणि लोगो पुन्हा मागवले. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये पुसलेली फाइल ३० दिवस तरी राहते. माझं सिंकचं सॉफ्टवेअर सिंकथिंग, त्यात जुन्या आवृत्त्या ठेवायची सोय आहे, पण ती आधीपासून चालू नसते. प्रत्येक मशीनवर, प्रत्येक फोल्डरला आपण चालू करायची.

‘सगळी सारखीच’ हेही खोटं. ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह तुमची प्रत कंपनीच्या सर्व्हरवर ठेवतात. सिंकथिंग ठेवत नाही, ते तुमच्याच दोन मशीनांमध्ये थेट देवाणघेवाण करतं. त्यामुळे दोन्ही मशीनं एकाच वेळी चालू असावी लागतात. आठला दुकान बंद करून चर्नी रोडला गाडी पकडली आणि साडेनऊला घरचा कॉम्प्युटर लावला, तर त्यांची गाठ पडणार कधी? उलट, गिऱ्हाइकाचा मजकूर बाहेर कुठे ठेवायचा नसेल तर हेच बरं. फुकटातली जागा बघून निवडू नका. गूगलचे १५ जीबी जीमेल आणि फोटोंसकट असतात.

‘दोन्हीकडे फाइल असतेच’? वनड्राइव्हमध्ये नावापुढे निळा ढग दिसला तर फाइल तुमच्या डिस्कवर नाही, नुसतं नाव आहे. नेट गेलं की उघडत नाही.

दोघांनी कोरलची, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरची, एकच फाइल एकाच वेळी उघडून बदलली तर सिंकचं सॉफ्टवेअर दोन प्रती करून ठेवतं. जुळवायच्या आपणच.

दोन जागी प्रत असावी, हे मात्र खरं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावरच्या दुकानात कॉम्प्युटर आणि शेजारची बॅकअप डिस्क, दोन्ही एकाच पाण्यात जातात. माझी डिस्क आता दर शनिवारी फ्रीफाइलसिंक या फाइली कॉपी करायच्या सॉफ्टवेअरने भरते आणि भावाकडे डोंबिवलीला जाते.

सॉफ्टवेअर ठरवण्याआधी एक करा. खोट्या फाइलींचं फोल्डर बनवा, एका मशीनवरून पुसा आणि दुसऱ्यावरून परत आणून दाखवा. नाही आणता आलं, तर चालू अंकाची पानं त्यात टाकू नका.