दाब उत्तम आहे

नळाला पिवळट तपकिरी पाणी आले, हेल्पलाइनवरच्या ध्वनिमुद्रित बाईंनी माझा फोन त्यांच्या दृष्टीने किती मोलाचा आहे हे पुन्हा पुन्हा सांगून अखेर तो बंद केला, आणि म्हणून मी त्याच पाण्याने भरलेली एक पारदर्शक बाटली घेऊन पाणीपुरवठ्याच्या तक्रार निवारण कक्षात रांगेला लागलो. पूर्वपीठिका एवढीच.

अडचण अशी झाली की रांग अतिशय सावकाश पुढे सरकत होती आणि बाटलीतला गाळ त्या मानाने फारच तत्परतेने खाली बसत होता. घरातून निघताना ज्या पाण्याकडे बघवत नव्हते, ते खिडकीपाशी पोहोचेपर्यंत तळाशी नखभर तपकिरी थर सोडून वरून इतके नितळ झाले होते की माझाच पुरावा माझ्यावर उलटला. खिडकीतल्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, बाटली ट्यूबलाइटकडे धरली आणि निकाल दिला, “स्वच्छ आहे की.”

मी बाटली हातात घेऊन जोरात हलवली.

“हलवू नका. हलवल्यावर कुठलंही पाणी गढूळ दिसणारच.”

“अहो, पण नळातून येतानाच ते तसं येतं.”

“मग भरून थोडा वेळ ठेवत जा. आत्ता बसला ना गाळ आपोआप?”

येथपर्यंत प्रकरण दोघांतच होते. परंतु माझ्या मागे, फुगलेली प्लास्टिकची फाइल छातीशी धरून उभे असलेल्या गृहस्थांना आता राहवेना. “बघू जरा,” असे म्हणून त्यांनी बाटली माझ्या हातातून काढून घेतली आणि मलाच विचारले, “किती वेळ येतं तुमच्याकडे पाणी?”

“सकाळ-संध्याकाळ येतं, पण...”

“सकाळ-संध्याकाळ!” ते रांगेकडे वळले. “ऐकलंत? यांना दोन्ही वेळा पाणी येतं आणि हे तक्रार करायला आलेत.” रांगेतल्या सर्वांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मी त्यांच्या वाटचे पाणी खिशात घालून आलो असावे. “आमच्याकडे नळ सोडला की आधी शीळ वाजते, मग नळ खोकतो आणि मग गप्प बसतो. रंगाचं काय घेऊन बसलात? आम्हाला रंग दिसण्याइतकं तरी येऊ दे.”

एवढ्यावर न थांबता त्यांनी झाकण उघडून पाण्याचा वास घेतला आणि प्रसन्न होऊन सांगितले, “आणि क्लोरीनचा वाससुद्धा नाही!” खरे तर त्या सबंध संभाषणात मला भीती वाटावी असे हे एकच वाक्य होते. शुद्धीकरण केंद्रात घातलेल्या क्लोरीनपैकी थोडा शेवटच्या नळापर्यंत शिल्लक राहावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना तेथे दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅमची अपेक्षा धरते, कारण वाटेत जंतू शिरले तर तेवढाच पहारा उरलेला असतो. वास नाही म्हणजे क्लोरीन नाहीच असे ठरत नाही, पण ते मोजल्याशिवाय कळत नाही आणि मोजायला कोणी येत नाही, हे मी त्यांना कळकळीने सांगू लागलो. त्यावर गृहस्थ म्हणाले, “गाळ नको, रंग नको, वास मात्र हवा. तुम्हाला पाण्यात नक्की हवंय तरी काय?” मग माझ्या खांद्यावरून खिडकीत वाकून त्यांनी पृच्छा केली, “साहेब, यांना नको असेल तर यांचं पाणी आमच्या लाइनीला वळवता येईल का?”

आणि साहेब, ज्यांनी माझ्या एकाही प्रश्नावर पेन उचलले नव्हते, ते क्षणभर गांभीर्याने विचार करून उद्गारले, “अर्ज द्या.”

नितळ दिसते ते चांगले, ही समजूत साहेबांची एकट्याची नव्हे. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाने कॉलरा पसरवला, तेव्हा हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक वृद्ध बाई त्या पाण्याची चव आवडते म्हणून ते मुद्दाम मागवून घेत असे आणि ते पिऊनच ती दगावली. गढूळपणा साधारण ४ एनटीयूच्या (हे गढूळपणा मोजण्याचे एकक) वर गेल्याखेरीज डोळ्यांना जाणवत नाही आणि जंतू तर डोळ्यांना दिसतच नाहीत. उलट दुधासारखे पांढरे आलेले पाणी बहुधा नुसत्या हवेच्या बुडबुड्यांचे असते. ते भांड्यात तळाकडून वर स्वच्छ होत जाते आणि त्याने काही बिघडत नाही. तपकिरी रंग पुष्कळदा जुन्या लोखंडी वाहिन्यांतल्या गंजाचा असतो. कुठे व्हॉल्व्ह फिरवला किंवा दुरुस्ती झाली की प्रवाह बदलून तळाचा थर ढवळला जातो. तेवढेच असेल तर कपडे खराब होतील, पोट नाही. परंतु पुरवठा बंद होऊन वाहिनीतला दाब उतरला, तर फुटक्या सांध्यांतून आजूबाजूची घाणही आत ओढली जाते, आणि माझ्या बाटलीत यांपैकी कोणता प्रकार आहे हे ट्यूबलाइटला विचारून समजण्याजोगे नव्हते. व्हॉल्व्ह फिरवण्याआधी ग्राहकांना दोन ओळींचा संदेश पाठवता येतो. देयकाची मुदत संपत आल्याचा संदेश तर न चुकता येतो, त्याअर्थी माझा क्रमांक त्यांच्याजवळ आहे.

अखेर साहेबांनी संगणक जवळ ओढला. तक्रारीच्या यादीत पाणी न येणे, कमी दाब, गळती, मीटर आणि देयक एवढेच प्रकार होते. पाण्यातच काही दोष असू शकतो, ही शक्यता यादी करणाऱ्याच्या मनात आली नसावी. “कमी दाब टाकतो,” साहेब म्हणाले. दाब भरपूर आहे, असे मी सांगितले. “असू दे. माणूस तर येईल.”

माणूस आला. त्याने नळ पूर्ण सोडला, पिवळ्या पाण्याची जाड धार बादलीत दणदणत पडू लागली, आणि त्याचा चेहरा उजळला. “दाब उत्तम आहे!” मी रंगाकडे बोट दाखवले; रंग आपल्याकडे नाही, असे त्याने नम्रपणे सांगितले. नमुना घेणारे वेगळे असतात आणि ते तक्रार आल्यावरच येतात. तशी तक्रार नोंदवण्याची सोय संगणकात नाही, हे त्यालाही मान्य होते. मग त्याने ‘दाब समाधानकारक’ असे लिहिलेला फॉर्म सहीसाठी पुढे केला. मी सही केली आणि तिच्या शेजारी स्वच्छ अक्षरांत लिहिले : ‘पाणी तपकिरी. क्लोरीन मोजलेला नाही. नमुना घेतलेला नाही.’

तो हबकला. त्या जागी काही लिहायचे नसते, असा फॉर्म वर घेत नाहीत, आणि दुसरा कोरा फॉर्म त्याच्याजवळ नव्हता. त्यामुळे माझी कमी दाबाची तक्रार अद्याप बंद होऊ शकलेली नाही. ती प्रलंबित असल्याचा संदेश मला नियमितपणे येतो, आणि ती मागे घ्यावी अशी विनंती करणारा साहेबांचा फोनही येऊन गेला. नमुना घ्यायला माणूस पाठवा, लगेच मागे घेतो, असे मी त्यांना सांगितले आहे.