कोजागरीचं दूध आणि चंद्रकिरणांचं 'औषध'

कोजागरी जवळ आली की मोबाइलवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: आश्विन पौर्णिमेला चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतो, वर्षातून फक्त याच रात्री तो सोळा कलांनी पूर्ण असतो, त्याच्या किरणांत औषधी शक्ती असते आणि दुधातलं लॅक्टिक ॲसिड ती शोषून घेतं. म्हणून दूध किंवा खीर रात्रभर चांदण्यात उघडी ठेवून पहाटे घ्यावी, दमा बरा होतो. 'एका अभ्यासानुसार' हे शब्दही असतात. तो अभ्यास कुणी आणि कधी केला, हे मात्र कुठेच नसतं.

केशर, वेलची, जायफळ घातलेल्या आटीव दुधाशी आणि गच्चीवरच्या भेळेशी माझं काही भांडण नाही. भांडण आहे ते त्याला चिकटवलेल्या विज्ञानाशी.

'चंद्र सर्वांत जवळ असतो.' दर वर्षी नाही. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. तो कधी सुमारे 3,57,000 किलोमीटरवर येतो, तर कधी 4,06,000 किलोमीटरपर्यंत लांब जातो. जवळच्या बिंदूपासून निघून पुन्हा तिथे यायला त्याला साडेसत्तावीस दिवस लागतात, पण एका पौर्णिमेपासून दुसरी यायला साडेएकोणतीस. हा दोन दिवसांचा फरक साठत जातो, त्यामुळे सर्वांत जवळची पौर्णिमा साधारण साडेतेरा महिन्यांनी येते आणि दर वर्षी पुढे सरकते. 2023 साली हा मान नारळी पौर्णिमेला मिळाला, 2024 साली खरोखरच कोजागरीला, 2025 साली त्रिपुरी पौर्णिमेला. 2026 मध्ये तो दत्तजयंतीच्या पौर्णिमेकडे जातो. म्हणजे 2024 साली मजकूर बरोबर होता, पण योगायोगाने. 2023 च्या कोजागरीला तर मध्यरात्रीनंतर खंडग्रास चंद्रग्रहण होतं. खीर अमृतासाठी बाहेर ठेवायची की ग्रहणासाठी झाकायची, या पेचात बरीच मंडळी सापडली होती.

'सोळा कला फक्त याच रात्री.' प्रत्येक पौर्णिमेला चंद्राची आपल्याकडची बाजू पूर्ण उजळलेली असते. कोजागरीचा चंद्र जास्त स्वच्छ वाटतो, कारण पाऊस नुकताच माघारी फिरलेला असतो, हवेतली धूळ धुतली गेलेली असते आणि चार महिने ढगांआड गेलेलं आकाश मोकळं होतं. खरं नवल वेगळंच आहे. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या चंद्राच्या दुप्पट नव्हे, तर सुमारे दहापट तेजस्वी असतो. ऊन त्याच्यावर समोरून पडतं, खडकांच्या नि विवरांच्या सावल्या आपल्याला दिसेनाशा होतात. साधी दुर्बीण असेल तर टायको विवरापासून चहूकडे गेलेले पांढरे पट्टे याच वेळी उत्तम दिसतात. हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

'किरणांत औषधी शक्ती.' चांदणं म्हणजे परावर्तित ऊनच. चंद्राची जमीन गडद आहे, पडलेल्या प्रकाशातला जेमतेम आठवा भाग ती परत पाठवते. पौर्णिमेचा चंद्र सूर्यापेक्षा सुमारे चार लाख पट मंद असतो. त्या किरणांनी दुधाचं औषध होत असेल, तर दुपारी बारा वाजता उन्हात ठेवलेल्या पातेल्याचं काय व्हायला हवं? स्वयंपाकघरातली ट्यूबलाइटसुद्धा ओट्यावर चांदण्याच्या शेकडो पट उजेड पाडते. आणि प्रकाश दुधाला सुधारत नाही, बिघडवतो. तीव्र प्रकाशात दुधातलं ब-2 जीवनसत्त्व नष्ट होतं, चवही उतरते. चांदणं इतकं क्षीण, की त्याला तेही जमत नाही.

'लॅक्टिक ॲसिड शक्ती शोषतं.' ताज्या दुधात असते ती लॅक्टोज ही साखर. जिवाणूंनी तिचं लॅक्टिक ॲसिड केलं की दूध आंबतं. दुधात ते भरपूर झालं असेल, तर तुमच्या पातेल्यात दही आहे किंवा नासलेलं दूध.

'रात्रभर उघडं ठेवा.' हा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो. आपल्याकडची रीत मध्यरात्री चंद्राला नैवेद्य दाखवून दूध तिथेच पिण्याची. रात्रभर खीर ठेवून पहाटे खाण्याची प्रथा उत्तरेकडची, ती हिंदी मजकुराबरोबर इकडे आली. तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवण्यातूनही तगतात. ऑक्टोबरच्या उबदार रात्री कोमट खिरीत ते सहा-सात तासांत फोफावू शकतात. त्यांचं उलट्या करवणारं विष पुन्हा उकळूनही जात नाही. चांदीचं भांडं वापरा, असंही सांगतात. चांदी जिवाणूंना रोखते हे खरं, पण तेवढ्यावर पातेलंभर खीर पहाटेपर्यंत सुरक्षित राहत नाही.

राहिला दमा. त्यात श्वासनलिका सुजतात आणि आकसतात. अनेकांना त्याचा त्रास रात्री आणि पहाटे वाढतो, गार हवेने आणखी. अशा माणसाला पहाटेपर्यंत गच्चीवर जागं ठेवून वर थंडगार खीर देणं म्हणजे उपचाराच्या नावाखाली नसता धोका. पंप आणि रोजची औषधं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालूच ठेवायची. दूध गरम असतानाच, बारा वाजता, सगळ्यांबरोबर संपवायचं आणि उरलं तर फ्रिजमध्ये ठेवायचं.