मोबाइल क्या बोलता है?

आज डोकं इतकं फिरलंय ना, की ताट तसंच झाकून ठेवून लिहायला बसलेय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

दुपारी गुलमर्गला गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, रांगेजवळ आमच्याच टूर ग्रुपमधल्या एका गृहस्थांनी बर्फावरची घसरगाडी ओढणाऱ्या एका म्हाताऱ्या स्लेजवाल्याला चारचौघांत झापला. चाचा नेहमीसारखेच विचारत होते, "साहब, स्लेज लोगे?" तर हे मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरून, "ये देखो, इसमें अडतीस सेंटीमीटर लिखा था, कहाँ है बर्फ? सब फ्रॉड हो तुम लोग." खाली सगळं मैदान तपकिरी, देवदारांच्या सावलीत तेवढे कडक झालेल्या बर्फाचे मळके पट्टे. चाचा एवढंच म्हणाले, "साहब, हम भी उसी की राह देख रहे हैं." आणि दोरी खांद्यावर टाकून बाजूला झाले.

मला तिथे तोंडातून शब्द फुटला नाही, ग्रुप माझा, पैसे घेतलेले माझ्या कंपनीने. त्याचाच जास्त राग येतोय आता.

कारण हे चाचा मला चांगले माहितीयेत. जानेवारी २०२४ मध्ये मी इथेच होते. आठवत असेल तुम्हाला, चिल्लई कलान चालू, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे ते चाळीस दिवस, हाडं गोठवणारी थंडी, आणि गुलमर्गमध्ये बर्फच नाही. बाजूला स्लेज एकावर एक उलट्या रचून ठेवलेल्या. चाचा रोज सकाळी फेरनच्या, म्हणजे इथल्या लांब झग्याच्या, आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची टोपली, धरून यायचे आणि विचारायचे, "दीदी, मोबाइल क्या बोलता है?" मी हवामानाचं ॲप उघडायचे. एक दिवस मी मोठ्या उत्साहात सांगितलं, पुढच्या मंगळवारी तीस सेंटीमीटर आहे! दहा दिवस पुढचा आकडा होता तो. त्यांनी लुधियानाला हमालीला गेलेल्या मुलाला फोन करून बोलावून घेतलं, दोघं मिळून स्लेज ओढू म्हणून. मुलगा हातातलं काम सोडून आला. मंगळवारी निळंशार आभाळ.

तो मुलगा रोज वडिलांच्या शेजारी त्या उलट्या स्लेजवर बसलेला असायचा. मला नजर वर करून बघवायचं नाही.

तेव्हापासून मी हे सगळं शिकून घेतलं, निदान जमेल तेवढं. इथला हिवाळ्यातला बर्फ वेस्टर्न डिस्टर्बन्स आणतात, भूमध्य समुद्राकडून निघून वरच्या पश्चिमी वाऱ्यांवर बसून इराण, अफगाणिस्तान करत येणाऱ्या प्रणाल्या. येतेय हे पाच-सात दिवस आधी दिसतं. पण ती काश्मीरवर नीट आदळणार की वरच्या वर उत्तरेला सटकणार हे शेवटच्या दोन-तीन दिवसांत कळतं. आणि आली तरी थंडी कुठल्या उंचीवर आहे त्यावर सगळं. गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर, त्याच्या वरच्या अफरवट डोंगरावरचं गोंडोला स्टेशन ३९०० च्या वर. शून्य तापमानाची रेषा मध्ये कुठे अडकली की वर बर्फ आणि खाली नुसता चिखल पाऊस. मी राहते त्या टंगमर्गपासून गुलमर्ग रस्त्याने १३ किलोमीटर, चढ पाचेकशे मीटरचा, इथे छत्री घेऊन निघायचं आणि वरती गाडीच्या चाकांना साखळ्या लावायच्या, हे मी स्वतः कितीदा केलंय. जगाचा अंदाज काढणारी बहुतेक चांगली संगणकी मॉडेलं ९ ते १३ किलोमीटरचा एकेक चौकोन धरून हिशोब करतात. म्हणजे हा सगळा डोंगर त्यांच्या लेखी एक-दोन चौकोन! त्यातून आलेला दहा दिवस पुढचा "३८ सेमी" हा आकडा तुम्ही दुकानदाराच्या बिलासारखा नाचवता?

बरं, मान्य, लोक वर्षभर पैसे साठवून येतात, सुट्ट्या मिळत नाहीत, पोरांना बर्फ दाखवायचा असतो. मान्य. आणि तीन दिवसांचा अंदाज आता बऱ्यापैकी बरोबर येतो, तेही खरं. म्हणून समोरच्या गरीब माणसाला फ्रॉड म्हणायचं?

आमचे अण्णा सिन्नरकडचे कोरडवाहू शेतकरी. रेडिओवरचा अंदाज कान देऊन ऐकायचे, पण पेरायचे ते रानात हात घालून ओल किती खोल गेलीये ते बघून. कृषी खातं अजूनही दरवर्षी ओरडून सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. जूनमध्ये कोरड्या रानाच्या बांधावर उभ्या असलेल्या अण्णांना कुणी येऊन म्हणालं असतं, "काय हो, कुठंय तुमचा पाऊस, मोबाइलमध्ये तर होता," तर तुम्ही ऐकून घेतलं असतं का? मग इथे का चालतं?

इथल्या लोकांचंही तेच आहे हो. चिल्लई कलानमध्ये पडलेला बर्फ डोंगरावर टिकतो, आणि उन्हाळ्यात तोच ओढ्यांना, भाताला, सफरचंदाच्या बागांना पाणी देतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर बर्फ नाही म्हणून खेलो इंडियाचे इथले हिवाळी खेळ पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावे लागले.

आणि पडला की तरी आपले पर्यटक खूश असतात का? २०२४ ला शेवटी जानेवारीच्या अखेरीस पडला, मग फेब्रुवारीत भरपूर पडला, आणि त्याच फेब्रुवारीत वरच्या उतारावर हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला. तरी वरची गोंडोला बंद ठेवली की आमचे लोक खिडकीवर भांडायला तयार.

तो पहिला बर्फ पडला त्या सकाळी चाचा आमच्या दारात उभे होते. खांद्यांवर, टोपीवर बर्फ, भुवयांत सुद्धा. "दीदी, नवशीन मुबारक." नवशीन म्हणजे नवा बर्फ. मी आधी माफी मागितली, मुलाच्या बुडालेल्या मजुरीची. तर म्हणतात, "आपने थोड़ी रोका था उसको," आणि मुलाला हाक मारून म्हणाले, दीदीला फुकट एक चक्कर मार. पैसे घेतलेच नाहीत शेवटपर्यंत.

अशा माणसाला आज फ्रॉड म्हणालेत.

संध्याकाळी मी त्या गृहस्थांशी बोलले. आवाज न चढवता बोलले. ते गप्प राहिले, उद्या चाचांना भेटतो म्हणालेत, बघू. वय झालंय, नातवाला बर्फ दाखवायचं कबूल केलं होतं म्हणे, दिवसभर तो व्हिडिओ कॉलवर "आजोबा बर्फ?" विचारत होता. जरा वाईट वाटलं मला त्यांचंही, खोटं कशाला बोलू.

येताना चाचांकडे गेले होते. लाइट गेलेली, बुखारीच्या, म्हणजे घर तापवायच्या शेगडीच्या, उजेडात स्लेजची जुनी दोरी काढून नवी बांधत बसले होते. दुपारचा विषय मी काढला तर हातानेच राहू दे म्हणाले, आणि मग तेच, "मोबाइल क्या बोलता है?" श्रीनगरच्या हवामान केंद्राचं बुलेटिन वाचून दाखवलं, परवा रात्री वरच्या भागात हलका ते मध्यम. त्याच्या पुढचं? पुढचं मी सांगत नाही चाचा, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि गाठ आवळली.