वाघनखांखालची पाटी

जुलै २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. तेव्हा लेकीला घेऊन गेलो होतो. धातूची एक पट्टी, बोटं घालायला दोन अंगठ्या, चार वाकडी नखं. मुठीत मावेल एवढीच वस्तू. आमच्या पुढच्या आजींनी काचेसमोर हात जोडले, डोळे मिटले. माझ्याही अंगावर काटा आला. लेकीनं विचारलं, "बाबा, हीच ती?" मी पटकन "हो" म्हणून मोकळा झालो.

ते "हो" अजून टोचतंय.

या वाघनखांची एक पेटी आहे, नंतर स्कॉटलंडमध्ये करून घेतलेली. तिच्यावर इंग्रजीत लिहिलंय की शिवाजीनं मोगल सरदाराला मारलं ते हे वाघनख, आणि साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांच्या कंपनीचा प्रतिनिधी, असताना जेम्स ग्रँट डफला ते पेशव्यांच्या प्रधानानं दिलं. मोगल सरदार! अफझलखान विजापूरच्या आदिलशाहीचा, हे आपल्याकडे चौथीतलं पोर सांगेल. आणि डफ कोण, तर १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापणारा माणूस. त्याच्या घरातल्या पेटीवर ही चूक!

म्हणजे वस्तू काहीच बोलत नाही. बोलते ती तिच्यावरची पाटी, आणि पाटी लिहिणारा चुकू शकतो. ज्यांच्या मालकीची ही वाघनखं आहेत ते लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम स्वतःच सांगतं की महाराजांनी वापरली ती हीच, याची खात्री करता येत नाही. यावरून आपल्याकडे केवढी भांडणं झाली! पण हे सांगितल्यानं महाराज कुठे लहान होतात? प्रतापगडाखाली १६५९ साली जे घडलं, ते काही या चार नखांवर टांगलेलं नाही. उलट मला तर वाटतं, जे नक्की ठाऊक आहे ते आणि जे नाही तेही, दोन्ही प्रत्येक वस्तूखाली ठळक मराठीत लिहावं. लांबून एसटीनं येणारी माणसं काचेवर डोकं टेकवतात हो. त्यांना अर्धी गोष्ट सांगून परत पाठवायचं का?

काल रात्री लेकीला बसवून पेटीची सगळी हकीकत सांगितली. ती म्हणाली, "मग पेटीवरचं खोडून नीट लिहायचं ना." मी म्हटलं, खोडायचं नाही बाळा. ते तसंच राहू दे, शेजारी आपली पाटी लावायची.

तिनं वही काढून पाटी लिहायला घेतलीय.