पोर्टलँडिया नदीकाठी हलवावी का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या पोर्टलँड शहरातल्या पोर्टलँडिया या पुतळ्यावर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा चिडून आणि एकदा चीड ओसरल्यावर. पहिल्या वाचनानंतर लिहिलेलं उत्तर पुसून टाकलंय, हे आपल्या दोघांच्याही भल्याचंच झालं.

आधी कबुली. पोर्टलँडियाला मी ‘ओतीव पुतळा’ म्हटलं, ते साफ चूक. शिल्पकार रेमंड कास्की यांनी ती तांब्याचा पत्रा ठोकून घडवली आहे. तांबट हंड्याला ठोके देतात, त्याच जातीचं काम, मठारकामच म्हणा ना. स्टॅच्यू ऑफ लिबर्टीही अशीच ठोकून घडवलेली, आणि ठोकीव तांब्याच्या पुतळ्यांत अमेरिकेत तिच्याखालोखाल हिचाच नंबर लागतो. लेखातला शब्द दुरुस्त केलाय.

‘एकदा ३५ फूट लिहिता, एकदा ५०, नक्की किती?’ दोन्ही. गुडघा टेकलेली आकृती ३४ फूट १० इंच आहे. ती उठून उभी राहिली तर ५० फुटांच्या आसपास भरेल.

आता खरा मुद्दा. तुमचं म्हणणं, महापालिकेच्या एका कुरूप इमारतीच्या दारावर, झाडांच्या आड, रुंदी नसलेल्या रस्त्यावर हिला अडकवून ठेवलंय. नदीकाठी हलवा, निदान लोकांना दिसेल तरी.

झाडांबद्दल बरोबर आहात. फिफ्थ अॅव्हेन्यूच्या समोरच्या फुटपाथवर मी तिच्यासाठी मान वाकडी करत चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे करत होतो, तेव्हा कुठे चेहरा सापडला. इमारतीसाठीही भांडणार नाही. वास्तुविशारद मायकेल ग्रेव्हज यांची ही १९८२ ची पोर्टलँड बिल्डिंग; पंधरा मजले आणि एवढ्याशा चौकोनी खिडक्या. आत दिवसभर बसणाऱ्यांनी तिला नावं ठेवली त्यात नवल नाही. पुढे तिच्या दुरुस्तीला सुमारे १९.५ कोटी डॉलर लागले.

पण रस्ता ओलांडून दाराशी या आणि वर बघा. तिच्या डाव्या हातात त्रिशूळ आहे, तिकडे लक्ष देऊ नका. उजवा हात बघा. तो आशीर्वादासाठी उचललेला नाही की क्षितिजाकडे रोखलेला नाही. तो खाली आलाय, सज्जाच्या कडेपलीकडे, बोटं सैल सोडून. खड्ड्यात पडलेल्या पोराला वर ओढायला आई वाकते तसा. मी उभा होतो तेव्हा एक बाई बगलेत फाईल धरून, पावसात घाईघाईनं त्या हाताखालून आत गेल्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

हा हात उंचावरच शोभतो. तिला नदीकाठच्या चौथऱ्यावर बसवा, हात जवळजवळ हिरवळीला टेकेल आणि काहीतरी हरवलेलं शोधत बसलेल्या बाईसारखी दिसेल. ग्रेव्हज यांच्या आराखड्यातच दारावर अशी आकृती होती आणि कास्कींनी शहराच्या शिक्क्यावरची त्रिशूळधारी स्त्री घेऊन ती त्या सज्जासाठी वाकवली. इमारत आवडो न आवडो, हा वाक तिच्यामुळे आहे.

ती ऑक्टोबर १९८५ मध्ये विलामेट नदीतून बार्जवर आली हे खरं, काठावर गर्दीही जमली होती. पण नवरी नावेतून आली म्हणून संसार धक्क्यावरच थाटायचा का?

राहिला तुमचा तिसरा वार: ‘पुतळ्यावर एवढा मोठा लेख आणि फोटो एकही नाही!’ हा मात्र बरोबर बसला. पुतळा सार्वजनिक, पण त्याच्या प्रतिमेचा हक्क शिल्पकाराकडे. अमेरिकी कायद्यात इमारतीचा फोटो छापायला मोकळीक आहे, शिल्पाला तशी सूट नाही, आणि कास्की या बाबतीत कडक म्हणून ओळखले जातात. त्यामुळे लिबर्टीसारखे हिचे टी-शर्ट आणि कप गल्लोगल्ली विकले गेले नाहीत. बिगरधंदेवाईक लेखातल्या एका फोटोवरून कुणी माझ्यामागे लागलं असतं असं नाही, मीच कचरलो. कलाकारानं हक्क राखावा, यात मला काही वावगं वाटत नाही. पण नगरपालिकेच्या दारावर चढवलेल्या शिल्पाचा करार करताना शहरानं हा हक्क निदान वाटून घ्यायला हवा होता, इथे मी सरळ तुमच्या बाजूला आहे. आणि झाडं? त्यांच्या फांद्या जरा छाटल्या तरी पुरे.